पोलिसांना गेटवर कोणी बोलावलं, ते आधी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या कम्युनिटी रेडिओची चालक संस्था आणि स्टुडिओतली माणसं यांचं फाटलं आहे. केंद्रप्रमुखांना घालवायचं घाटतंय आणि स्वयंसेवक व श्रोते मिळून गेटसमोर धरणं धरायचं म्हणताहेत. कोणीतरी तुम्हाला अमेरिकेतल्या बर्कली गावच्या केपीएफए या रेडिओ केंद्राचं 1999 सालचं उदाहरण दिलं. तिथे श्रोते आणि पोलीस समोरासमोर का आले, आणि आपल्याकडे तसं होऊ नये म्हणून काय करायचं, असं तुम्ही विचारलंत.

रेडिओत येण्याआधी संघटनांच्या मोर्च्यांत आणि नंतर रेडिओतही पोलिसांशी बोलणी करायचं काम बहुतेक वेळा माझ्याच गळ्यात पडायचं. त्या अनुभवावरून माझं मत आधीच सांगून टाकतो. रेडिओच्या अशा आंदोलनात पोलीस हा तिसरा गडी असतो. भांडण असतं परवाना ज्याच्या नावावर आहे तो आणि ज्यांच्या जिवावर केंद्र चालतं ते, या दोघांचं. त्याचं रूप ‘लोक विरुद्ध पोलीस’ असं झालं की मालक अलगद बाजूला होतो, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फक्त ढकलाढकलीचा फोटो येतो. बर्कलीत हे जवळजवळ घडलं होतं.

केपीएफए सुरू झालं 15 एप्रिल 1949 ला. लुईस हिल हा त्याचा संस्थापक, दुसऱ्या महायुद्धात हत्यार धरायला नकार दिलेला माणूस. जाहिराती घ्यायच्या नाहीत, श्रोत्यांनी वर्गणी भरायची आणि केंद्र चालवायचं, ही रीत अमेरिकेत रुजवली ती या केंद्राने. पण परवाना होता पॅसिफिका फाउंडेशनच्या नावावर. पुढे याच फाउंडेशनकडे केपीएफए धरून लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन मिळून पाच केंद्रं झाली. पन्नास वर्षं श्रोते ‘आमचं केंद्र’ म्हणत राहिले आणि कागदावर मालक दुसराच राहिला. निभत होतं तोवर कोणी कागद काढून बघितला नाही. आपल्याकडच्या किती केंद्रांत कोणी बघितलाय?

ठिणगी पडली ती कारभाराच्या एका ठरावातून. फेब्रुवारी 1999 मध्ये पॅसिफिकाच्या राष्ट्रीय मंडळाने ठरवलं की स्थानिक सल्लागार मंडळांचे प्रतिनिधी यापुढे मंडळावर नसतील, मंडळच आपले सदस्य निवडेल. त्यानंतर 31 मार्चला केपीएफएच्या व्यवस्थापक निकोल सवाया यांचा करार पुढे चालू ठेवायचा नाही, असा निर्णय आला. कर्मचाऱ्यांना सांगण्यात आलं की अंतर्गत गोष्टी हवेवर बोलायच्या नाहीत. लॅरी बेन्स्की हे तिथले जुने, नावाजलेले पत्रकार. ते आपल्या कार्यक्रमात यावर बोलले आणि एप्रिलमध्ये त्यांना काढलं गेलं.

तुमच्याकडे सध्या जे चाललंय ते साधारण याच टप्प्यावर आहे, म्हणून पुढचं नीट वाचा.

जुलैत मंडळाच्या एका सदस्याची ईमेल चुकून भलत्याच हाती पडली. केपीएफए किंवा न्यूयॉर्कचं डब्ल्यूबीएआय विकता येईल का, अशी चर्चा तिच्यात होती. 13 जुलैला यावर पत्रकार परिषद झाली आणि डेनिस बर्नस्टाइन यांनी ‘फ्लॅशपॉइंट्स’ या आपल्या कार्यक्रमात तिचा भाग ऐकवला. कार्यक्रम संपताच त्यांना रजेवर पाठवल्याचं सांगून इमारतीबाहेर जायला सांगितलं. ते गेले नाहीत, आत न्यूजरूमकडे धावले. संध्याकाळच्या बातम्या चालू होत्या. वादावादी, आरडाओरडा, बर्नस्टाइन यांचा घाबरा आवाज, सगळं थेट प्रसारित झालं. मग आवाज तुटला आणि जुनी ध्वनिफीत सुरू झाली.

रेडिओवाल्या माणसाला यातलं मर्म लगेच कळेल. स्वयंपाकघरात, गाडीत, दुकानात रेडिओ लावून बसलेल्या हजारो माणसांनी एका ओळखीच्या आवाजाला ओढत नेताना ऐकलं, आणि त्यानंतर काहीच ऐकलं नाही. आत काय झालं, माणूस धड आहे की नाही, कळायला मार्ग नाही. तेव्हा जो तो उठला आणि केंद्राकडे निघाला. शेकडो लोक मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर वे या रस्त्यावर जमले. त्या रात्री पोलिसांनी पन्नासहून अधिक जणांना अटक केली. त्यांत केंद्राचे कर्मचारीही होते. कारण काय, तर मालकाने बाहेर जा म्हटल्यावरही आवारात थांबले.

आता पोलिसांच्या जागी उभं राहून बघा. कामगार संघटनेचा मोर्चा असला की पुढारी कोण, कोणाशी बोलायचं, कोणाच्या हाताच्या इशाऱ्यावर मंडळी खाली बसतील, हे ठाण्याला आधीच माहीत असतं. अर्ध्या गोष्टी आदल्या दिवशी चहावर ठरलेल्या असतात. श्रोत्यांच्या गर्दीत यातलं काहीच नसतं. शेजारी उभा राहिलेला माणूस कोण, हे तिथल्या लोकांनाच माहीत नसतं. त्यांना ओळखीचे असतात ते आवाज, चेहरे नाहीत. आणि ते आवाज एक तर आत कोंडलेले किंवा पोलिसांच्या गाडीत. गर्दीला पुढारी नाही आणि गर्दीकडे बातमीही नाही. कोणत्याही अधिकाऱ्याला विचारा, असा जमाव त्याला सगळ्यात नकोसा असतो. घाबरलेले लोक आणि गोंधळलेले पोलीस एकमेकांपासून दोन हातांवर उभे असले की पहिला धक्का कोणाचा लागला, हे नंतर कॅमेऱ्यातही सापडत नाही.

म्हणून माझ्या मते त्या संध्याकाळी ताण वाढवला तो माइक बंद करण्याने. व्यवस्थापनाला वाटलं असणार, प्रसारण थांबवलं की गर्दी थांबेल. झालं उलटं. स्टुडिओतून कोणी शांतपणे सांगितलं असतं की “बर्नस्टाइन सुखरूप आहेत, आपण रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला जमूया, दार अडवू नका,” तर निम्मा ताण तिथेच उतरला असता. रेडिओ केंद्राच्या आंदोलनात गर्दी आवरायचं सगळ्यात चांगलं साधन म्हणजे ते केंद्रच, आणि नेमकं तेच आधी बंद पडतं.

यानंतर साधारण तीन आठवडे कर्मचारी बाहेर आणि केंद्र आतून बंद. खिडक्यांवर प्लायवूड ठोकलेलं, दारात खासगी सुरक्षारक्षक, हवेवर जुने कार्यक्रम. फुटपाथवर लोकांनी तळ ठोकला. आणि इथून पुढे आंदोलनाचं रूप बदललं, ते तुम्ही शिकण्यासारखं आहे. लोक तिथे रोज येऊ लागले, रोज तेच पोलीस दिसू लागले, दोन्हीकडच्या माणसांना एकमेकांचे चेहरे कळले. अटक करून घ्यायची ठरलेली मंडळी ठरवून, न पळता, न झटापट करता अटक करून घेऊ लागली. आंदोलनाचा रोख पोलिसांवरून हटून पॅसिफिकाच्या मंडळाकडे वळला.

बर्कली गाव या बाबतीत मुरलेलं. 1 ऑक्टोबर 1964 ला विद्यापीठाच्या आवारात एका कार्यकर्त्याला पोलिसांनी गाडीत बसवलं, तर विद्यार्थी त्या गाडीभोवती बसले आणि सुमारे 32 तास गाडी जागची हलू दिली नाही. मारिओ सॅव्हिओ हा विद्यार्थी नेता त्याच गाडीच्या टपावर चढून बोलला, तेही बूट काढून, टप चेपू नये म्हणून. पुढे 1969 च्या मे महिन्यात पीपल्स पार्क या बागेवरून झालेल्या आंदोलनाच्या वेळी पोलिसांचा गोळीबार झाला आणि जेम्स रेक्टर हा तरुण मरण पावला. गावाला दोन्ही आठवणी होत्या, आणि पोलीस खात्यालाही. शहरातल्या निवडून आलेल्या मंडळींची सहानुभूती उघडपणे श्रोत्यांकडे होती. म्हणजे पोलिसांना एकीकडे मालकाची तक्रार, दुसरीकडे आपल्याच नगराचा कल. एका खासगी संस्थेच्या दाराला शहराने रोज किती पहारा द्यायचा, हा प्रश्न आपोआप पॅसिफिकाच्या दारात जाऊन पडला.

तेव्हा पॅसिफिकाच्या मंडळाच्या अध्यक्ष होत्या मेरी फ्रान्सिस बेरी. अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाच्याही त्याच अध्यक्ष. 1984 मध्ये वॉशिंग्टनमधल्या दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीत वर्णभेदाविरुद्ध ठिय्या देऊन ज्यांनी अटक करून घेतली, त्यांत त्या होत्या. ठिय्या काय असतो हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. तरी आपल्या दारात ठिय्या बसल्यावर पोलीस बोलावण्याखेरीज त्यांच्या मंडळाला काही सुचलं नाही. मी यात त्यांचा ढोंगीपणा शोधत नाही. परवान्याच्या खुर्चीत बसलेला माणूस असाच वागतो. तुमच्या संस्थेचे अध्यक्षही एकेकाळी चळवळीतले होते, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर विसंबू नका.

31 जुलैला बर्कलीच्या रस्त्यांवर दहा हजारांच्या आसपास लोक उतरले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दार उघडलं आणि कर्मचारी परत आत गेले. भांडण मात्र मिटलं नाही. डिसेंबर 2000 मध्ये न्यूयॉर्कच्या केंद्रात कुलूपबदल झाला, तिथेही तेच सुरू झालं. खरा निकाल कोर्टकचेरीतून लागला. डिसेंबर 2001 मध्ये तडजोड झाली, जुनं मंडळ गेलं, आणि 2003 च्या नव्या नियमावलीत श्रोते आणि कर्मचारी यांनी निवडून दिलेली स्थानिक मंडळं आली. त्या निवडणुकांतून पुढे नवी गटबाजी उपजली, ते वेगळं पुराण.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर तुम्ही माझं म्हणणं सगळीकडे लावाल. नेपाळमध्ये फेब्रुवारी 2005 मध्ये राजाने सत्ता हाती घेतल्यावर एफएम केंद्रांना बातम्यांची बंदी आली. काठमांडूचं रेडिओ सगरमाथा हे दक्षिण आशियातलं पहिलं कम्युनिटी रेडिओ केंद्र, 1997 पासूनचं. 27 नोव्हेंबर 2005 ला पोलीस त्या केंद्रात शिरले, सामान उचललं, माणसं धरून नेली. माओवादी नेते प्रचंड यांची बीबीसीची मुलाखत तिथून ऐकवली जाणार होती. दोन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्र पुन्हा सुरू झालं. तिथे पोलीस तिसरा गडी नव्हता, सरकारचा हात होता, आणि आंदोलनाचा रोख सरकारवर असणं रास्तच होतं. तुमच्या भांडणात सरकार नाही. निदान अजून तरी नाही, आणि त्याला आत ओढू नका.

आता तुमच्या गेटाकडे येऊ.

पहिली गोष्ट कागदाची. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओची परवानगी व्यक्तीला किंवा स्वयंसेवकांना मिळत नाही, संस्थेला मिळते. ट्रस्ट, सोसायटी, विद्यापीठ, कृषी विज्ञान केंद्र, जे असेल ते. संस्थेने “बाहेर व्हा” म्हटलं आणि तुम्ही स्टुडिओत बसून राहिलात, तर ड्यूटीवरच्या फौजदारापुढे संस्थेच्या लेटरहेडवरची तक्रार असेल आणि तुमच्या हातात काही नसेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 मध्ये, म्हणजे पूर्वीच्या दंड संहितेतल्या 441 ते 448 च्या पट्ट्यात, विनापरवानगी आत राहणं बसतं. बर्कलीच्या त्या पन्नास जणांचं हेच झालं. म्हणून स्टुडिओच्या आत ठिय्या हा बेत सोडून द्या. तुमच्यातल्या तरुणांना तोच सगळ्यात आवडला असणार, तरी सोडा. ट्रान्समीटरच्या खोलीजवळ तर कोणी फिरकायचंही नाही. तिथली एखादी वायर निघाली की तुम्ही तोडफोडीचे आरोपी.

दुसरी गोष्ट हवेवर बोलण्याची. केपीएफएवाल्यांनी भांडण हवेवर नेलं, त्याचं आकर्षण मला कळतं. आपल्याकडे कम्युनिटी रेडिओला आकाशवाणीच्या बातम्या पुढे ऐकवण्यापलीकडे स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आंदोलनाची हाक हवेवरून दिलीत तर परवानगीच्या अटी मोडल्याचा मुद्दा संस्थेच्या हाती आयता जाईल, आणि भरडलं जाईल केंद्रच. माइक बंद होणार हे गृहीत धरा आणि बातमीची दुसरी सोय आजच करून ठेवा. व्हॉट्सॲपचा एकच अधिकृत ग्रुप, ज्यावर फक्त दोघांनी लिहायचं, आणि धरण्याच्या जागी एक फळा. त्यावर दर तासाला नवी ओळ. आत बोलणी चालू आहेत, अमुक बाहेर आले, सगळे ठीक आहेत, जेवण एक वाजता. हसू नका. गर्दीतल्या अफवा मारायला खडूने लिहिलेल्या फळ्याइतकं चांगलं औषध मला अजून सापडलेलं नाही, कारण पोलीसही तोच फळा वाचतात.

तिसरं, ठाणं. धरण्याच्या किमान तीन-चार दिवस आधी लेखी अर्ज घेऊन स्वतः जा. दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घेतल्याशिवाय हलू नका. ठाणे अंमलदार म्हणेल, “साहेब नाहीत, ठेवून जा.” ठेवून जायचं नाही, बाकड्यावर बसायचं. अर्जात जागा, वेळ, अंदाजे माणसं, लाऊडस्पीकर लागणार का, आणि जबाबदार तिघांची नावं व मोबाइल. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली जमावबंदी चालू आहे का, हे तिथेच विचारा. ती पंधरा-पंधरा दिवसांची असते आणि बहुतेक वेळा कोणाला पत्ताच नसतो. जमावबंदी असेल तर परवानगीशिवाय बसू नका.

पीआय साहेबांची, म्हणजे ठाण्याच्या पोलीस निरीक्षकांची, भेट झालीच तर संस्थेच्या तक्रारी त्यांच्यापुढे वाचू नका. त्यांना त्यात रस नसतो आणि अधिकारही नसतो. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: रस्ता अडणार का, किती वाजता उठणार, आणि गडबड झाली तर फोन कोणाला करायचा. ही तीन उत्तरं पक्की दिलीत की निम्मं काम झालं. दिलेल्या वेळेला उठायचं म्हणजे उठायचं, मग भाषण रंगात आलेलं का असेना.

आदल्या दिवशी तुमच्यापैकी काहींना पोलिसांची प्रतिबंधक नोटीस येईल, गुन्हा होऊ नये म्हणून आधीच दिलेली ताकीद. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलमावरून जुनी मंडळी तिला अजून ‘149 ची नोटीस’ म्हणतात, आता ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 168 खाली येते. ती म्हणजे अटक नव्हे. घ्या, सही करा, फोटो काढून वकिलांना पाठवा. नोटीस न घेता पळापळ करणाऱ्यांनीच उगाच संशय वाढवल्याचं मी पाहिलंय.

प्रत्यक्ष जागी गेटासमोर किमान एक गाडी जाईल एवढी वाट कायम मोकळी ठेवा. संस्थेची माणसं आत-बाहेर करतील, करू द्या. गेट अडवलं की पोलिसांना मधे पडावंच लागतं, आणि संस्थेला तेच हवं असतं. पोलिसांच्या रांगेसमोर तुमची पहिली रांग वयस्कर श्रोत्यांची असू द्या, आणि ती पोलिसांपासून चार पावलं मागे. तरुण पोरं आपोआप पुढे सरकतात, म्हणून त्यांना काम द्या: पाणी वाटणं, फळा, पार्किंग. घोषणा संस्थेच्या नावाने, पोलिसांच्या नावाने एकही नाही. खाकीतला कोणी उद्धट बोलला तर त्याच्याशी वाद घालायचा नाही. छातीवरचं नाव वाचून वहीत वेळेसह लिहायचं. निदान अटक करताना तरी नाव स्पष्ट दिसेल अशी पट्टी लावणं त्यांना कायद्याने बंधनकारक आहे.

तुम्ही रेडिओची माणसं, म्हणून रेकॉर्डिंगबद्दल वेगळं सांगतो. रेकॉर्डर छातीजवळ, सगळ्यांना दिसेल असा धरा आणि सुरुवातीलाच तारीख, वेळ, जागा बोला. हवालदाराच्या तोंडाजवळ माइक न्यायचा नाही. त्याला बोलायची परवानगी नसते, तो चिडतो, हात पुढे करतो, माइक पडतो, आणि तिथून सगळं बिघडतं. आवाज आपोआप येतो. पांगण्याचा हुकूम किती वेळा दिला, कोणत्या शब्दांत दिला, लोकांना उठायला किती वेळ मिळाला, हे पुढे कोर्टात महत्त्वाचं ठरतं. व्हिडिओत धक्काबुक्की दिसते, हुकूम स्वच्छ ऐकू येतो तो चांगल्या रेकॉर्डरवर.

उचललंच तर बहुतेक वेळा असं होतं: गाडीत बसवतात, ठाण्यात किंवा पोलीस ग्राउंडवर नेतात, नावं-पत्ते लिहून घेतात आणि संध्याकाळी सोडतात. पोलीस अधिनियमाच्या 68 खाली ताब्यात आणि 69 खाली सुटका, ही आपल्याकडची ठरलेली रीत. प्रत्येकाने ठाण्यात विचारायचं, “ताब्यात आहे की अटक?” अटक असेल तर कारण सांगणं, घरच्यांना कळवणं, पंचनाम्यासारखा अटकेचा कागद करणं आणि 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. सूर्यास्तानंतर महिलेला अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. गाडीत बसताना बाहेर उभ्या असलेल्या ठरलेल्या माणसाला प्रत्येकाने आपलं नाव ओरडून सांगायचं. यादी त्याच्याकडे. ती यादी वकिलांकडे गेल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही आणि स्वतः अटकही करून घ्यायची नाही, कितीही हुरूप आला तरी.

एवढं सगळं करण्याआधी एक काम बाकी आहे. केंद्र सरकारच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तुमच्या केंद्राला सल्लागार आणि आशय समिती असायला हवी आणि तिच्यात निम्म्या महिला हव्यात. तुमच्याकडे ती शेवटची कधी बसली, तिचं इतिवृत्त कोणाकडे आहे, केंद्रप्रमुख बदलण्याचा विषय तिच्यापुढे आला होता का? पॅसिफिकात भांडणाचं मूळ हेच होतं, स्थानिक माणसांना मंडळातून बाहेर काढणं, आणि शेवटी न्यायालयात उभा राहिला तो हाच मुद्दा. संस्थेची घटना, परवानगीचा करार आणि समितीची इतिवृत्तं, या तिन्हींच्या प्रती मिळवा आणि वकिलांना दाखवा. संस्था देत नसेल तर ट्रस्टची घटना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून नक्कल म्हणून मागता येते. तोवर धरण्याची तारीख जाहीर करू नका.